इंजिन उघडण्याआधी आवाजाची वेळ लिहून काढा

पत्र:

"सर, मी सातपूरला राहतो, अंबड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. दिवाळीनंतर पुण्याच्या एका मुलाकडून २०१५ ची यामाहा आर-१५ व्ही टू घेतली. मीटरवर ३८ हजार किलोमीटर आहेत. बघायला गेलो तेव्हा गाडी एकदम मऊ चालत होती. आता थंडीत पहिल्या पाळीला निघताना सेल मारला की इंजिनातून खळखळ आवाज येतो. थोड्या वेळाने कमी होतो. काटा ३ ते ४ हजारांवर असला की परत येतो, ५ हजारांच्या वर ऐकू येत नाही. सिग्नलला थ्रॉटल सोडतो तेव्हा सगळ्यात जास्त. तीन ठिकाणी दाखवली. पहिला म्हणाला टॅपेट, दुसरा म्हणाला टायमिंग चेन, तिसरा म्हणाला हेड खोलू, बोअर मारून नवीन पिस्टन टाकू. वडील म्हणतात विकून टाक. मी फसलो का? पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर वणीला जायचं आहे, गाडी नेऊ का? आणि आरसी अजून त्या मुलाच्याच नावावर आहे, त्याचं काय करू?"
— एक वाचक, सातपूर

उत्तर:

तिघांनी गाडी ऐकली, पण आवाज केव्हा येतो हे त्यांच्यापैकी कुणी विचारल्याचं तुमच्या पत्रात नाही. आवाज कसा आहे यावर तीन माणसांची तीन मतं होतात, केव्हा येतो यावर सहसा होत नाहीत. तुम्ही ते नीट टिपलंय. थंड इंजिनाला जास्त, तीन-चार हजारांना परत, पाच हजारांवर गायब आणि थ्रॉटल सोडताना सगळ्यात जास्त. या चार गोष्टी एकत्र आल्या की माझा पहिला संशय टायमिंग चेनच्या टेन्शनरवर जातो. म्हणजे तुमचा दुसरा मेकॅनिक बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. तरी पत्र वाचून केलेलं निदान हा अंदाजच. तो पक्का करण्याचं बरंचसं काम तुम्ही सुट्टीच्या एका सकाळी घरासमोर, इंजिनाचा एकही बोल्ट न काढता करू शकता. मशीनवर शतांश मिलिमीटर पाळणाऱ्या माणसाला ते जड जाऊ नये.

आधी टेन्शनर काय करतो ते सांगतो, म्हणजे तुमची लक्षणं त्याच्याशी का जुळतात ते कळेल. पिस्टन ज्याला फिरवतो त्या खालच्या क्रँकपासून, हेडमधल्या म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत एक बारीक साखळी जाते. हीच टायमिंग चेन. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक. क्रँक ओढतो ती साखळीची बाजू ताणलेली राहते आणि दुसरी, मागची, सैल पडते. त्या सैल बाजूला रबर किंवा प्लास्टिकचा मुलामा असलेली एक लांब पट्टी दाबून धरते. या पट्टीला मागून रेटा देणारा छोटा नग म्हणजे टेन्शनर. तो सिलिंडरच्या मागच्या अंगाला दोन बोल्टांवर बसवलेला असतो. त्याच्या आत पीळ दिलेली स्प्रिंग असते. वापराने साखळी लांबत जाते तसा त्याचा दांडा आपणहून थोडाथोडा पुढे सरकतो, आणि मागे येऊ नये अशी त्याची रचना असते. पण वर्षानुवर्षं एकाच जागी थरथरत राहिल्यावर दांडा किंवा त्याचे आटे झिजतात, कधी तो एका ठिकाणी अडकतो. मग साखळी सैल राहते आणि पट्टीवर, कधी आतल्या भिंतीवर आपटते. चेनवर कॅम चालणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या जुन्या गाडीत हे होतं.

आता तीन-चार हजारांचं कोडं. तुमचं इंजिन एकाच सिलिंडरचं. दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, म्हणजे क्रँक एका झटक्यात वेग घेतो आणि पुढचा स्फोट येईपर्यंत मंदावतो. कमी आरपीएमला हा चढउतार मोठा असतो आणि सैल साखळी त्या हिसक्यांबरोबर फडफडते. आरपीएम वाढला की हिसके जवळ जवळ येतात, क्रँकचं फिरणं सपाट होतं आणि आवाज बुडतो. बाकी उरलंसुरलं सायलेन्सर झाकून टाकतो. थ्रॉटल सोडताना गोष्ट उलटी होते. इतका वेळ क्रँक साखळीला ओढत होता, आता तो अचानक मंदावतो आणि कॅम स्वतःच्या वेगाने पुढे जाऊ पाहतो. ताण एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो, आणि मधल्या क्षणाला साखळी वाजते. टॅपेटचा, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या फटीचा, आवाज असा थ्रॉटल सोडल्यावर उसळत नाही. तो आरपीएमबरोबर सरळ वाढत जातो, एकसारखा, शिवणयंत्रासारखा टिकटिक.

तिसऱ्या मेकॅनिकचं बोलणं मात्र मला खटकलं. 'बोअर मारून नवीन पिस्टन', म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचा, हे जुन्या, लोखंडी स्लीव्हच्या इंजिनांसाठी ठीक आहे. तुमच्या गाडीच्या ब्लॉकमध्ये लोखंडी स्लीव्हच नाही. आर-१५ च्या त्या पिढीत यामाहाने डायासिल सिलिंडर आणि फोर्ज्ड पिस्टन वापरला. पूर्ण ब्लॉक अॅल्युमिनियमचा, त्यात सुमारे २० टक्के सिलिकॉन, आणि पिस्टन त्या सिलिकॉनच्या कडक कणांवरच घासतो. अशा सिलिंडरला नेहमीसारखा बोअर मारून मोठ्या साइझचा पिस्टन टाकत नाहीत. झिजलाच तर ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही बदलतात. मॉडेल बघून आणि आवाज ऐकूनसुद्धा जो बोअर मारायची भाषा करतो, त्याने हे इंजिन फारसं उघडलेलं नसावं. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. शंभर सीसीच्या गाड्या तो उत्तम करत असेल. पण तुमच्या गाडीचं हेड त्याच्या टेबलावर जाऊ नये.

तर आता सुट्टीची सकाळ. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटाचा आवाज दिवसभरात पुन्हा ऐकायला मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी या कामाला फार सोयीची, निफाडच्या बाजूला राहत असतात तर अजूनच. गाडी उघड्यावर लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून कान लावत बसू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

चालू करण्याआधी ऑइल बघा. गाडी सरळ उभी करून, डिपस्टिक मॅन्युअलमध्ये दिलंय तशी लावून. तुमच्या इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर मावतं, त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी वरच्या भागाला ते जाणवतं. लेव्हल कमी असेल तर बाकी तपास तिथेच थांबवा, ऑइल भरा, मग पुन्हा ऐका. ऑइल कोणतं आहे हे माहीत नसेल, आणि वापरलेली गाडी घेणाऱ्याला ते बहुतेक माहीत नसतंच, तर बदलूनच टाका. डब्यावर जासो एमए किंवा एमए-टू लिहिलेलं हवं. कारचं ऑइल नको, कारण मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलातली घसरण वाढवणारी रसायनं क्लच घसरवतात. ग्रेड मॅन्युअलमधला. त्याहून जाड ऑइल टाकून आवाज दाबायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका. आवाज दबला तरी झीज चालूच राहते, वर थंड सकाळी ते ऑइल हेडपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं.

जुनं ऑइल काढाल तेव्हा ते स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात तिरकं करून बघा. चमकी दिसली तर त्यात लोहचुंबक फिरवा. चुंबकाला लागणारी बारीक पूड थोडी असतेच, गिअर घासतात. चुंबकाला न लागणारे पांढरे चमकदार कण अॅल्युमिनियमचे, ते जास्त असतील तर गोष्ट गंभीर. काळे किंवा तपकिरी प्लास्टिकचे तुकडे दिसले तर टायमिंग चेनची पट्टी तुटायला लागली आहे, आणि तेव्हा नुसता टेन्शनर बदलून भागणार नाही. हे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात. मग वरच्या भागाला ऑइल कमी पडतं.

पुढचं काम फेअरिंगचं, म्हणजे इंजिनाभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाचं. स्पोर्ट बाइकमध्ये अर्धे 'इंजिनाचे' आवाज प्लास्टिकचे निघतात. एखादा क्लिप तुटलेला, एखाद्या बोल्टखालचं रबर हरवलेलं, आणि ठरावीक आरपीएमलाच ते पॅनेल थरथरतं. तुमच्यासारखंच तीन-चार हजारांना. जुन्या मालकाने गाडी पाडून पॅनेल बदललं असेल तर ही शक्यता आणखी वाढते. दोन्ही बाजूंचे पॅनेल उतरवा, बोल्ट कुठले कुठे ते कागदावर मांडून ठेवा, आणि मग गाडी चालू करा. यात दुसरा फायदा असा की फेअरिंग आवाज घुमवते, त्यामुळे डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो. ती काढली की आवाज कुठून येतो ते कानाला कळतं. रेडिएटरचा पंखा हाताने फिरवून बघा, जाळीला घासत तर नाही ना. इंजिन बंद असताना, अर्थात.

आता सेल मारा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, काटा दिसेल असा. पहिलं अर्धं मिनिट काही न करता स्लोला चालू द्या. मग दोन हजार, तीन, चार, प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ स्थिर धरा. मग चार हजारांवरून थ्रॉटल एकदम सोडा. पुन्हा तेच इंजिन गरम झाल्यावर. हे रेकॉर्डिंग मेकॅनिकला ऐकवण्यासाठी सोन्याच्या मोलाचं आहे, कारण गॅरेजपर्यंत जाईस्तोवर गाडी गरम होते आणि तिथे ती साळसूद बनते.

स्लोला चालू असताना क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच दाबल्यावर आवाज गेला आणि सोडल्यावर आला तर संशय क्लच बास्केट किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर, कारण क्लच सोडलेला असताना तो शाफ्टही फिरत असतो. काहीच फरक पडला नाही तर तो भाग बहुतेक निर्दोष. पैसा न खर्चता होणारी ही चाचणी किती मेकॅनिक करत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग बेंड पाइप. हेडला जिथे सायलेन्सरची नळी बसते तिथला गॅसकेट गेला असेल तर टिकटिक असा आवाज येतो आणि तो हमखास टॅपेटच्या नावावर खपतो. थंड असताना जास्त, गरम झाल्यावर धातू फुगून फट बुजते म्हणून कमी. म्हणजे तुमच्या लक्षणांपैकी एक इथेही जुळतं. जोडावर काळी काजळी दिसते का बघा. इंजिन थंड असतानाच, चालू केल्याबरोबर, जोडावर साबणाचं पाणी शिंपडून बुडबुडे येतात का बघा. आधीच्या मालकाने सायलेन्सर बदललेला असेल तर हे आधी तपासा. पुण्याच्या मुलाकडची आर-१५ आणि मूळ सायलेन्सर, असं जुळून आलं असेल तर तुम्ही नशीबवान.

एक नेहमीची फसगत टाळा. पेट्रोल इंजेक्टर स्वतःच टिकटिक करतो, तो त्याचा धर्म आहे. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद घूं असा आवाज येतो, तो पेट्रोल पंप. आणि ज्यांच्याकडे पुढची १५५ सीसीची व्ही थ्री आहे त्यांच्यासाठी सांगतो, त्या इंजिनात ७,४०० आरपीएमच्या आसपास व्हीव्हीएचा, म्हणजे वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या यंत्रणेचा, कॅम बदलतो. तो बदल जाणवला तर घाबरू नका. तुमच्या १४९ सीसीच्या व्ही टूमध्ये ती भानगड नाही.

आवाज हेडमधला की खालचा, यासाठी लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक इंजिनाच्या धातूवर, मूठ कानामागच्या हाडावर. मोटरसायकलच्या पंख्यापासून आणि चेनपासून शर्टाची बाही लांब ठेवा. आधी टॅपेट कव्हर, मग साखळीच्या बाजूची सिलिंडरची भिंत, मग टेन्शनरचं शरीर, मग खालचं क्लच कव्हर आणि मॅग्नेटो कव्हर. आवाज धातूतून सगळीकडे जातो, म्हणून 'ऐकू आला' एवढ्यावर थांबायचं नाही, सगळ्यात टोकदार कुठे आहे ते शोधायचं. टेन्शनरवर तो खणखणीत आला आणि टॅपेट कव्हरवर बोथट, तर उत्तर जवळपास मिळालं.

तुमच्यासारख्याला आवडेल असं आणखी एक. स्लोला काटा १,४०० वर असेल तर क्रँक सेकंदाला सुमारे २३ फेऱ्या घेतो आणि कॅम सुमारे १२. मोबाइलचं रेकॉर्डिंग एखाद्या साध्या ॲपमध्ये उघडून एका सेकंदात किती टोकं येतात ते मोजा. नियमित २३ आली तर आवाज बहुतेक व्हॉल्व्हचा नाही, खाली क्रँककडे बघा. १२ आली तर व्हॉल्व्ह, टॅपेट यांच्यावर संशय जातो, पण लगेच शिक्कामोर्तब करू नका. स्फोटही दोन फेऱ्यांत एकदाच होतो, त्यामुळे फुटक्या गॅसकेटचाही आकडा १२ च येतो, इंजेक्टरचाही. सैल साखळीला तर असा शिस्तीचा आकडाच नसतो, टोकं वेडीवाकडी येतात. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मला तसंच दिसेल असं वाटतं.

हे सगळं टेन्शनरकडे बोट दाखवत असेल, तर तो काढायचं काम मात्र स्वतः करू नका, हात कितीही शिवशिवले तरी. काम दिसायला दोन बोल्टांचं आहे आणि त्यातच धोका आहे. टेन्शनर निघाला की साखळी पूर्ण सैल होते. त्या अवस्थेत क्रँक जरा फिरला, गिअरमध्ये असलेली गाडी कुणी ढकलली, कुणी चुकून सेलचं बटण दाबलं, तर साखळी स्प्रॉकेटवरचा दात सोडते. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ चुकते आणि ते एकमेकांना भेटतात. त्यानंतर हेडचं काम खरोखरच निघतं. म्हणून आधी मॅग्नेटो कव्हरवरच्या टोप्या काढून, पान्याने क्रँक फिरवून, कॉम्प्रेशनच्या टॉपवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना, खुणा जुळवून घ्यायच्या आणि बॅटरीची वायर काढून ठेवायची. टेन्शनरच्या शेंड्याचा छोटा बोल्ट काढला की आत बारीक स्क्रू ड्रायव्हरला खाच मिळते. तिथून दांडा आत पिळून घ्यायचा, मग मुख्य बोल्ट काढायचे. बसवतानाही दांडा आत घेऊनच बसवायचा. बाहेर आलेला दांडा तसाच ठेवून बोल्टांनी जबरदस्तीने आवळणारे महाभाग आहेत. साखळी इतकी ताणली जाते की पट्टी काही महिन्यांत खाल्ली जाते. आवाज मात्र जातो, त्यामुळे गिऱ्हाईक खूश.

काढलेला टेन्शनर हातात घ्या, हे काम तुमचं. दांडा बोटाने दाबून बघा. तो आत जाता कामा नये. मग दांडा हलका दाबत स्क्रू ड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने पूर्ण आत पिळा आणि ड्रायव्हर काढून हळूहळू सोडा. दांडा न अडखळता बाहेर आला पाहिजे. कुठे थबकला, कुठे उडी मारली, तर तो गेला. टेन्शनर दुरुस्त करून घालू नका, नवीन ओरिजिनल घ्या, हेड खोलण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ आहे. आणि मेकॅनिकला विचारा, काढताना दांडा किती बाहेर होता? अगदी शेवटपर्यंत आलेला असेल तर साखळीच लांबली आहे. मग साखळी आणि पट्ट्या बदलाव्या लागतील, नवा टेन्शनर एकटा थोडेच दिवस शांत ठेवेल.

टेन्शनर चांगला निघाला तर? तर टॅपेटकडे जा. फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, पूर्ण थंड इंजिनावर, मॅन्युअलमधल्या मापाला. कानावर भरवसा ठेवून टॅपेट आवळणारा नको. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो. आवळलेल्या टॅपेटमध्ये व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून हेडला जात नाही आणि तो जळतो. अशी गाडी अगदी शांत चालते. टॅपेट करून आणल्यावर गाडी 'एकदम गप्प' झाली तर मला उलट काळजी वाटते.

पिस्टनचा आवाज मला तुमच्या पत्रात दिसत नाही. तो थंड असताना ठकठक येतो आणि इंजिन गरम झालं की जवळजवळ जातो, थ्रॉटल सोडताना उसळत नाही. नुसता थंडीतला हलका ठकठक असेल आणि गाडी निळा धूर सोडत नसेल, ऑइल पीत नसेल, तर मी इंजिन उघडणार नाही. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगचा आवाज वेगळा, खोल आणि जड, गरम झाल्यावर वाढणारा, चढावर लोड आला की आणखी वाढणारा. तो ऐकू आला तर गाडी बंद करून टेम्पोत घालायची. आणि चढावर मोठ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळल्यावर काचेचे मणी सांडल्यासारखा आवाज आला तर ते नॉकिंग. गिअर खाली टाका, कार्बन आणि प्लग तपासून घ्या.

फसलात का? थोडेसे. तुम्ही गेलात तेव्हा इंजिन गरम होतं का, आठवून बघा. विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून आणतो आणि थंड इंजिनाचा आवाज गिऱ्हाइकाला कधी ऐकूच येत नाही. पुढच्या वेळी फोनवरच सांगायचं की गाडी चालू करू नका, मी येऊन करतो, आणि पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघायचं. हेड आणि ब्लॉकच्या जोडावर बाहेर आलेला सिलिकॉन, कडा गोल झालेले बोल्ट दिसले तर इंजिन आधी उघडलं गेलंय. मीटरच्या ३८ हजारांवर विश्वास ठेवण्याआधी डिस्कची कड, फूटपेगचं रबर, हँडलच्या ग्रिप बघा. पण टेन्शनरच निघाला तर या वयाच्या गाडीला हे साहजिक आहे, त्यासाठी गाडी विकायची गरज नाही. वडिलांना तसं सांगा. आवाज करणारी गाडी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक भाव पाडणार, दुरुस्त करून विकलीत तरच पैसे येतील. आणि दुरुस्त झाल्यावर विकावीशी वाटणार नाही, ते वेगळं.

वणीचं उत्तर टेन्शनरवर अवलंबून आहे. दिंडोरीपर्यंतचा रस्ता सरळ, पण नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना आणि विशेषतः उतरताना तुम्ही सतत थ्रॉटल सोडत राहणार, म्हणजे साखळीला जे सोसत नाही नेमकं तेच. आज गाडी कामावर नेता येईल, जोरात रेस न देता, थंड इंजिनाला अर्धा मिनिट देऊन. आवाज दिवसेंदिवस वाढत असेल, किंवा गरम इंजिनालाही जात नसेल, तर तेवढंही नको. घाट टेन्शनर बदलल्यानंतर. महिना आहे तुमच्याकडे, काम एका दिवसाचं. नाहीच झालं तर मित्राच्या मागे बसून जा.

गॅरेज निवडताना एकच विचारा, आर-१५ चा टेन्शनर काढण्याआधी तुम्ही काय करता? 'टॉपवर घेतो' असं उत्तर आलं तर गाडी ठेवा. जुना नग परत मागा आणि इंजिनाचं हेड तुम्हाला फोन केल्याशिवाय उघडायचं नाही हे जॉब कार्डवर लिहून घ्या.

आरसीचं काम मात्र आवाजापेक्षा तातडीचं आहे. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो, आणि तुमची दिवाळी उलटून गेली आहे. त्या मुलाकडून मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडी एमएच-१२ ची असेल तर पुणे आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागेल का ते आरटीओत आधी विचारून घ्या. त्याचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ सुद्धा. सही करायला तो अजून फोन उचलतोय तोवर हे उरकून घ्या. विमाही तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर अपघात झाला तर वांधे होतील. आणि पेठ रोडवरच्या आरटीओत जाण्याआधी इंजिन नंबर आरसीशी स्वतः पडताळून बघा. इंजिन कधी बदललं गेलं असेल तर ते तिथल्या खिडकीवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, त्या मुलाशी काय बोलायचं ते मग वेगळं ठरेल.